चार मुद्रा, एक देऊळ
(महोत्सवाच्या सायंकाळीं धर्मग्रामस्थांपुढें झालेलें व्याख्यान)



आपल्या देवळाच्या शतकोत्तर सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडपांत जें लहानसें प्रदर्शन मांडिलें आहे, त्यांत चांदीचीं पात्रें, जरीचे जुने झगे आणि मिरवणुकीचा क्रूस यांपुढें दाटी होते, आणि तें स्वाभाविकच आहे. परंतु एका कोपर्‍यांत मेजावर बाप्तिस्म्याच्या व लग्नांच्या जुन्या वह्या ठेविल्या आहेत, त्यांच्याकडे फारसें कोणी वळत नाहीं. महोत्सवाच्या तयारीसाठीं आम्हीं त्या वह्या एकेक करून चाळल्या. भेटीस आलेल्या महागुरूंनीं त्यांत वेळोवेळीं सह्या करून मुद्रा उठविल्या आहेत, आणि त्या मुद्रा क्रमानें वाचीत गेल्यास एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. आरंभीं आपलें देऊळ गोव्याच्या महाधर्मप्रांतांत आहे. १८८६ नंतर तेंच देऊळ दमणच्या धर्मप्रांतांत गेलेलें दिसतें. १९२८ नंतर तें मुंबईच्या महाधर्मप्रांतांत येतें, आणि १९९८ पासून वसईच्या धर्मप्रांतांत. देऊळ तर जागचें वीतभरहि हललें नाहीं! विहीर तीच, घंटा तीच, वेदीची जागा तीच. मग हें चार ठिकाणचें स्थलांतर घडविलें कोणीं?

या प्रश्नाचा माग काढीत गेलें म्हणजे मनुष्य आपल्या गांवच्या वेशीवरून थेट रोमास व लिस्बनास जाऊन पोहोंचतो. म्हणून आजच्या व्याख्यानासाठीं आम्हीं पवित्र पीठाचे इतर राष्ट्रांशीं असलेले संबंध हा विषय घेतला आहे. विषय ऐकावयास रुक्ष वाटेल, हें आम्ही जाणून आहों. गुरुविद्यालयांत असतांना तहांच्या आणि करारांच्या तारखा पाठ करणें हें आम्हांसहि शिक्षेसारखेंच वाटे. त्या तारखांच्या खालीं आपल्याच आजोबापणजोबांचीं नांवें दडलेलीं आहेत, हें त्या वेळीं कोणीं सांगितलें असतें तर अभ्यास कदाचित् बरा झाला असता.

व्हॅटिकन नगरराज्य हें युरोपांतीलच नव्हे, तर सार्‍या जगांतील सर्वांत लहान राज्य होय. त्याचें क्षेत्र ४४ हेक्टर, म्हणजे सुमारें १०९ एकर. वाडीचा हिशेब गुंठ्यांनीं करणार्‍या आपल्या बागाइतदारांस एवढें सांगितलें म्हणजे पुरे. वस्ती एक हजाराच्या आंत. शेत नाहीं, गिरणी नाहीं, बंदर नाहीं; सैन्य म्हणावें तर रंगीत पट्ट्यांच्या पोशाखांतील स्विस पहारेकरी. हें राज्य ११ फेब्रुवारी १९२९ रोजीं लॅटरन प्रासादांत झालेल्या तहानें अस्तित्वांत आलें. त्यावर पोप अकरावे पायस यांच्या वतीनें कार्डिनल गास्पार्री यांनीं व इटलीच्या वतीनें मुसोलिनी यांनीं सही केली. असें हें मूठभर राज्य. परंतु २०२४ सालीं पवित्र पीठाचे पूर्ण राजनैतिक संबंध १८४ राष्ट्रांशीं होते. १९७८ सालीं ही संख्या ८४ होती. एका आयुष्याच्या आंत ती दुपटीहून अधिक झाली, आणि त्यांतील बहुतेक वाढ पोप दुसरे जॉन पॉल यांच्या कारकीर्दींतली आहे.

येथें एक सामान्य चूक दुरुस्त केली पाहिजे. हे संबंध त्या १०९ एकरांचे नव्हेत. वकील पाठवितें व वकील स्वीकारतें तें पवित्र पीठ, म्हणजे संत पेत्राचा उत्तराधिकारी या नात्यानें पोप. नगरराज्य हें त्या पीठास उभें राहावयास मिळालेलें पाऊलभर अंगण आहे, कीं ज्यायोगें कोणा राजाच्या ओसरीवर बसून त्यास बोलावें लागूं नये. याचा पुरावा इतिहासांतच आहे. २० सप्टेंबर १८७० रोजीं इटलीचें सैन्य पोर्ता पियाच्या तटास भगदाड पाडून रोमांत शिरलें, आणि पोप नववे पायस यांचें राज्य संपलें. तेव्हांपासून १९२९ पर्यंत एकोणसाठ वर्षें पोपांच्या ताब्यांत राज्य म्हणून एक गुंठाहि नव्हता. तरी वकिलांचें येणेंजाणें चालूंच राहिलें. इतकेंच नव्हे, तर १८८५ सालीं कॅरोलाइन बेटांवरून स्पेन व जर्मनी यांचा तंटा लागला, तेव्हां प्रॉटेस्टंट बिस्मार्कनें मध्यस्थ म्हणून नांव सुचविलें तें याच भूमिहीन पोपांचें, तेराव्या लिओंचें. ज्या बिस्मार्कनें थोड्याच वर्षांपूर्वीं जर्मनींतील धर्मगुरूंस तुरुंग दाखविले होते, त्याच्याच हातून हें घडलें.

जागेच्या टंचाईनें कांहीं गमतीहि होतात. परराष्ट्रांच्या वकिलाती व्हॅटिकनच्या आंत मावत नाहींत. त्या रोम शहरांत, म्हणजे इटलीच्या भूमीवर असतात. त्यामुळें इटलीची पवित्र पीठाकडील वकिलात इटलीच्याच राजधानींत आहे. असा प्रकार जगांत क्वचितच आढळेल. शिवाय एकच गृहस्थ इटलीकडे व पवित्र पीठाकडे असा दोन्हीकडे वकील म्हणून चालत नाहीं. पवित्र पीठ तें मान्य करीत नाहीं. यामुळें स्वतंत्र वकील ठेवणें न परवडणारीं राष्ट्रें दुसर्‍या देशांतील आपल्या वकिलाकडेच हें काम देतात. आपल्या भारत सरकारनेंहि अनेक वर्षें स्वित्झर्लंडमधील राजदूताकडे हें काम सोंपविलेलें होतें.

दुसर्‍या महायुद्धांत मात्र या अडचणीचें रूपांतर एका विलक्षण प्रसंगांत झालें. १९४० च्या जूनमध्यें इटली युद्धांत उतरतांच इंग्लंड, फ्रान्स इत्यादि शत्रुराष्ट्रांच्या वकिलांस रोमांत राहणें अशक्य झालें. तेव्हां त्यांस व्हॅटिकनच्या आंत सांता मार्ता या यात्रेकरूंच्या निवासांत जागा देण्यांत आली. इंग्रज वकील डार्सी ऑसबर्न तेथें चार वर्षें राहिले. पुढें जून १९४४ मध्यें दोस्तांचें सैन्य रोमांत आलें; तेव्हां हे वकील बाहेर पडले, आणि जर्मनीचे वकील आश्रयासाठीं आंत आले. भिंत तीच, दरवाजा तोच. पाहुणे तेवढे बदलले.

पोपांच्या वकिलास नुन्सिओ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ निरोप पोहोंचविणारा, आपल्या जुन्या भाषेंत जासूद. त्याची चाकरी दुहेरी असते. इतर वकील फक्त सरकारशीं बोलतात. नुन्सिओनें सरकारशीं बोलावयाचें आणि त्या देशांतील ख्रिस्तसभेशींहि. कोणत्या धर्मप्रांतास महागुरु हवा, कोणता धर्मगुरु त्या जागेस योग्य, याची गुप्त चौकशी करून तीन नांवें रोमास धाडणें हें त्याचेंच काम. या मंडळींचें शिक्षण रोमांतील ज्या विद्यालयांत होतें, तें १७०१ सालीं स्थापन झालें. बर्‍याच देशांत नुन्सिओ हा सर्व वकिलांचा अग्रणी मानला जातो. हा मान १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेनें मान्य केला आणि १९६१ च्या व्हिएन्ना करारानेंहि तो राखला.

आतां कोणी विचारील कीं, ज्यास विकावयास माल नाहीं आणि लढावयास फौज नाहीं, त्याच्याशीं संबंध ठेवून राष्ट्रांस लाभ काय? यास एकच उदाहरण देतों. दक्षिण अमेरिकेच्या अगदीं टोंकाला बीगल नांवाची खाडी आहे. तेथील तीन लहान बेटांवरून चिली व अर्जेंटिना हीं दोन कॅथलिक राष्ट्रें १९७८ च्या डिसेंबरांत, ऐन नाताळच्या सुमारास, युद्धाच्या उंबरठ्यावर उभीं होतीं. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं वृद्ध कार्डिनल अंतोनियो सामोरे यांस धाडिलें. ते दोन्ही राजधान्यांत येरझारा घालीत राहिले, आणि ८ जानेवारी १९७९ रोजीं माँटेव्हिडिओ येथें दोन्ही पक्षांनीं शस्त्र न उचलण्याचें लिहून दिलें. पुढें बोलणीं जवळजवळ सहा वर्षें रेंगाळलीं. अखेरचा तह व्हॅटिकनमध्यें २९ नोव्हेंबर १९८४ रोजीं झाला. तो पाहावयास सामोरे उरले नव्हते, १९८३ सालींच ते निवर्तले होते. लॅटरनच्या तहांत पवित्र पीठानें असें लिहून दिलें आहे कीं, राष्ट्रांच्या ऐहिक भांडणांत आपण पडणार नाहीं, मात्र दोन्ही पक्षांनीं मिळून बोलाविल्यास येऊं. त्या कलमाचा अर्थ बीगलच्या खाडींत दिसून आला.

पण असे प्रसंग विरळा. पवित्र पीठाच्या वकिलातीचा नित्याचा, जुना आणि नाजूक विषय निराळाच आहे. तो म्हणजे मेंढपाळ कोणीं नेमावा. महागुरु नेमण्याचा अधिकार पोपांचा, कीं राजाचा? आणि येथें आम्ही पुन्हां आपल्या वह्यांकडे येतों.

पंधराव्या व सोळाव्या शतकांत पोपांनीं पोर्तुगालच्या राजांस एक मोठा अधिकार दिला. पूर्वेकडील देशांत राजानें देवळें बांधावीं, धर्मगुरूंचा खर्च सोसावा, त्यांस आपल्या गलबतांतून पोहोंचवावें, आणि त्याबदल्यांत महागुरूंच्या जागीं नांवें सुचविण्याचा हक्क भोगावा. यासच पाद्रोआदो म्हणतात. १५३४ सालीं गोव्याचा धर्मप्रांत झाला तो याच व्यवस्थेखालीं. वसई-साष्टीचीं प्राचीन देवळें त्या पैशांतून उभीं राहिलीं, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु राजाचा हात आंखूड होत गेला, आणि हक्क मात्र पूर्वीइतकाच लांब राहिला. १७३९ सालीं वसई मराठ्यांनीं घेतली, १७७४ सालीं साष्टी इंग्रजांकडे गेली. तरी तेथील देवळांवर नांव पोर्तुगालच्या राजाचेंच. इकडे रोमानें १६२२ सालींच प्रोपगांदा नांवाचें स्वतःचें धर्मप्रसारक मंडळ स्थापिलें होतें. मुंबई बेटांत इंग्रज सरकारनें १७२० सालीं पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांस घालवून तेथील देवळें प्रोपगांदाच्या कार्मेलाइट महागुरूंच्या हातीं दिलीं. लोकांनीं तक्रारी केल्या, सरकारनें कधीं इकडे कधीं तिकडे कौल दिला, आणि १७९४ सालीं देवळें दोन पक्षांत वांटून टाकलीं. म्हणजे एका बेटावर दोन महागुरु, आणि एकाच आळींतील दोन घरें दोन निरनिराळ्या मेंढपाळांचीं.

१८३८ सालीं तर कळस झाला. त्या सुमारास पोर्तुगालच्या सरकारनें मठ बंद केले होते, व रोमाशीं त्याचे संबंध तुटले होते. पोप सोळावे ग्रेगरी यांनीं फर्मान काढून ब्रिटिश मुलखांतील पाद्रोआदोचा अधिकार काढून घेतला. पुष्कळ धर्मगुरूंनीं व लोकांनीं तें मानलें नाहीं. फर्मान खोटें आहे असेंहि म्हणणारे निघाले. १८५३ सालीं माहीमच्या सेंट मायकल देवळांत महागुरु हार्टमान आंत आणि विरुद्ध पक्ष बाहेर, असा प्रत्यक्ष वेढा पडला, आणि अखेर सरकारला मध्यें पडावें लागलें. ज्या घरांत एक जपमाळ म्हटली जाई, त्याच घरांतील सोयरीक केवळ देवळाचा पक्ष निराळा म्हणून अडूं लागली. आम्हांस या प्रकरणांत एक गोष्ट फार बोंचते. लिस्बनचा राजा बोलला, रोम बोललें, लंडनच्या कंपनीचे साहेब बोलले. परंतु ज्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे व्हावयाचे होते, त्या आमच्या माळ्यांस, कोळ्यांस, शेतकर्‍यांस कोणीं कांहीं विचारलें नाहीं.

यानंतर जें झालें तें तुटलेले संबंध जोडण्याचें काम, आणि तेंच आपल्या मुद्रांत उमटलें आहे. २३ जून १८८६ रोजीं पोप तेरावे लिओ व पोर्तुगालचे राजे लुईस यांच्यांत करार झाला. त्यानें दमणचा धर्मप्रांत निर्माण होऊन आपलें देऊळ त्यांत गेलें. मुंबई शहरांतील दुही मात्र तशीच राहिली. १९१० सालीं पोर्तुगालांत राज्यक्रांति झाली, धर्मसंस्थेवर गदा आली, रोमाशीं संबंध पुन्हां तुटले, व १९१८ मध्यें पुन्हां जुळले. मग १५ एप्रिल १९२८ रोजीं नवा करार झाला. दमणचा धर्मप्रांत मोडून त्याचा आपल्याकडील भाग मुंबईंत मिळविला, दोन मेंढपाळांचा एक झाला, आणि शतकापूर्वींची भिंत खालीं आली. पण त्याची किंमत पाहा. मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीनें एकदां पोर्तुगीज व एकदां इंग्रज असावा, असें ठरलें. या पाळींत हिंदी मनुष्य कोठेंच नव्हता!

त्याप्रमाणें प्रथम पोर्तुगीज आर्चबिशप लीमा आले, व १९३७ सालीं इंग्रज जेझुइट थॉमस रॉबर्ट्स. या रॉबर्ट्स साहेबांचें नांव आपल्या मंडळींनीं कृतज्ञतेनें घ्यावें. पुढची पाळी पोर्तुगीजाची येणार, हें त्यांस ठाऊक होतें. त्यांनीं १९४६ सालीं वॅलेरियन ग्रेशियस यांस साहाय्यक महागुरु करवून घेतलें, कारभार त्यांच्या हातीं सोंपविला, आणि आपण मुंबईपासून दूर राहिले. इतक्यांत देश स्वतंत्र झाला. १२ जून १९४८ रोजीं भारत व पवित्र पीठ यांचे राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले, आणि रोमाचे पूर्वींचे प्रतिनिधि कीर्केल्स हे इंटरनुन्सिओ झाले. १९६७ सालीं त्या वकिलातीस पूर्ण नुन्सिओचा दर्जा मिळाला. स्वतंत्र भारतांतील महागुरु परक्या राज्याच्या संमतीनें नेमले जावेत, ही गोष्ट आतां टिकणें शक्यच नव्हतें. १८ जुलै १९५० रोजीं पोर्तुगालनें तो हक्क सोडून दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस रॉबर्ट्स यांचा राजीनामा मंजूर होऊन ग्रेशियस आर्चबिशप झाले, व १९५३ सालीं भारताचे पहिले कार्डिनल.

चौथी मुद्रा १९९८ ची. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं मुंबईचा भाग तोडून वसईचा धर्मप्रांत केला. त्यासाठीं कोणा राजास विचारावें लागलें नाहीं, कोणा अध्यक्षापुढें नांवें ठेवावीं लागलीं नाहींत. पहिल्या तिन्ही मुद्रांच्या मागें पोर्तुगालचा राजदंड उभा आहे. चौथीच्या मागें कोणी नाहीं.

आपल्यापैकीं पुष्कळांस चीनच्या कराराविषयीं प्रश्न पडतात. मागें तरुण मंडळाच्या सभेंत त्यावर खडाजंगीच झाली. म्हणून त्याविषयीं दोन शब्द बोलतों. बीजिंगच्या सरकारनें १९५१ सालीं पोपांचे प्रतिनिधि रिबेरी यांस देशाबाहेर घालविलें. त्यानंतर पवित्र पीठाची वकिलात तैवानांत राहिली. १९७१ पासून तेथें नुन्सिओ न ठेवतां खालच्या दर्जाचा प्रतिनिधि ठेवतात. चीनमध्यें सरकारनें आपले महागुरु नेमावे, आणि रोमाशीं निष्ठ असलेल्यांनीं लपूनछपून उपासना करावी, अशी दोन पिढ्या गेली. २२ सप्टेंबर २०१८ रोजीं महागुरूंच्या नेमणुकीविषयीं तात्पुरता करार झाला. २०२० व २०२२ मध्यें तो दोनदोन वर्षांनीं, आणि २०२४ मध्यें चार वर्षांनीं वाढविण्यांत आला. त्याचा मजकूर प्रसिद्ध झालेला नाहीं. एप्रिल २०२३ मध्यें चिनी अधिकार्‍यांनीं रोमास न विचारतां शांघायच्या पीठावर महागुरु बसविले, आणि जुलैंत पोप फ्रान्सिस यांनीं त्या नेमणुकीस मान्यता दिली. हाँगकाँगचे वृद्ध कार्डिनल झेन यांनीं या करारास उघड व कडक विरोध केला.

खरें सांगावयाचें तर हा करार आमच्याहि घशाखालीं सहज उतरत नाहीं. ज्यांनीं तुरुंगांत वर्षें काढलीं, त्यांस आतां सरकारच्या माणसापुढें मान लवविण्यास सांगणें हें लहान ओझें नव्हे. पवित्र पीठानें केलेला प्रत्येक करार सफळ होतो, असेंहि नाहीं. २० जुलै १९३३ रोजीं कार्डिनल पाचेल्ली यांनीं हिटलरच्या सरकारशीं करार केला. त्यानें हिटलरास प्रतिष्ठा मिळाली, आणि वचनें त्यानें मोडलीं. चार वर्षांनीं पोप अकरावे पायस यांस जर्मन भाषेंतच निषेधाचें परिपत्रक लिहावें लागलें, व १९३७ च्या झावळ्यांच्या रविवारीं तें गुप्तपणें पोहोंचवून जर्मनींतील देवळांदेवळांतून वाचण्यांत आलें. तथापि त्याच करारावर बोट ठेवून पुढें तक्रारी करतां आल्या, आणि तो करार जर्मनींत आजहि अमलांत आहे, हेंहि तितकेंच खरें.

तरुण मंडळाच्या सभेंत एकानें विचारलें होतें कीं, पोपांनीं परक्या सरकारास महागुरु नेमण्यांत वाटा द्यावाच कां? त्यास आम्हीं एवढेंच सांगितलें कीं, तुझ्या आजोबांस दृढीकरण ज्या महागुरूंनीं दिलें, त्यांचें नांव लिस्बनच्या अध्यक्षापुढून आलेलें होतें. त्या पाळीच्या कराराची आपल्या लोकांस लाज वाटे; तरी त्या बावीस वर्षांतच माहीमची, दादरची, बांद्र्याची माणसें एका मेंढपाळाखालीं आलीं, आणि अडलेल्या सोयरिकी जुळल्या. चीनमध्यें काय होईल, तें तेथील कोणा देवळाच्या वह्यांत पुढें उमटेल.

असो. दिलेल्या वेळेहून आम्हीं अधिक वेळ घेतला, आणि स्वयंपाकघराकडून दोनदां निरोप आला आहे. त्या वह्या उद्यां रात्रीं घंटा होईपर्यंत उजव्या कोपर्‍यांतील मेजावर ठेविलेल्या आहेत. पहिल्या दोन पोर्तुगीजांत आहेत. वाचून दाखवावयास आम्ही तेथें बसूं. पानें जीर्ण झालीं आहेत, तेवढे हात धुवून यावें.